आधी जाडी ठरवा, मग बिजागरी



रत्नागिरी आणि आसपासच्या गावांत नवे घर बांधणाऱ्या किंवा जुने घर नव्याने सजवणाऱ्या कुटुंबांशी बोलले, की बोलणे हमखास एका वळणावर येते. स्लॅब झाला, फरशी झाली, रंगही झाला, पण फर्निचरच्या कामात मेस्त्रीशी वाजले. कुणाची कपाटाची दारे एकमेकांना घासतात, कुणाची पूर्ण उघडत नाहीत, कुणाच्या दाराने पहिल्याच पावसाळ्यात मान टाकलेली असते. घरमालक म्हणतो काम बिघडवले, मेस्त्री म्हणतो माल तुम्ही आणला. मग शेवटचा हप्ता अडतो. मेस्त्री दोन-चार चकरा मारतो आणि शेवटी येईनासा होतो. दार तसेच लटकत राहते आणि मजुरीही तशीच.

या भांडणाच्या मुळाशी पुष्कळदा तळहाताएवढी एक वस्तू असते. कपाटाच्या आत लपणारी, बाहेरून न दिसणारी बिजागरी. मेस्त्री तिला ऑटो हिंज म्हणतात. जाड दार आणि भरपूर रुंद उघडणारी बिजागरी या दोन गोष्टी एकत्र मागितल्या की गडबड सुरू होते. ती का होते आणि टाळायची कशी, ते या महिन्यात पाहू. विषय सुतारकामाचा आहे, पण त्यात पैसा आपला आहे आणि हक दुसऱ्याचाही आहे, म्हणून घरातल्या सर्वांनीच वाचावा.

जुन्या दारांची सवय

कोकणातल्या माणसाला जाड दाराचे प्रेम आहे. फणसाच्या किंवा सागाच्या फळ्यांची, दीड-दोन इंच जाडीची दारे आपण लहानपणापासून पाहिली. काही जुन्या घरांत तर बिजागरीच नसे. दाराच्या फळीलाच वर आणि खाली खुंटी ठेवत आणि ती उंबऱ्याच्या नि चौकटीच्या खळग्यात फिरे. रत्नागिरीत १९१० साली बांधून झालेला थिबा राजवाडा पाहायला गेलेला माणूस तिथले लाकूडकाम पाहून हेच म्हणतो, की असे वजनदार काम आता होत नाही. पुढे पितळी आणि लोखंडी पानांच्या बिजागऱ्या आल्या. त्यांची मधली नळी दाराबाहेर दिसते. दार त्या नळीभोवती फिरते आणि समोर अडथळा नसेल तर पार भिंतीपर्यंत जाऊन टेकते.

त्यामुळे आपल्या मनात एक समज पक्का बसला, की दार जितके जाड तितके मजबूत आणि मजबूत दार हवे तितके उघडते. नळी बाहेर असलेल्या बिजागरीबाबत तो समज बराचसा खरा होता. लपलेल्या बिजागरीबाबत तो उलटा पडतो.

लपलेली बिजागरी फिरते कशी

या बिजागरीचे तीन भाग. पहिला भाग वाटी. ती दाराच्या आतल्या बाजूला गोल भोक पाडून बसवतात. हे भोक सर्वसाधारणपणे ३५ मिमी व्यासाचे आणि १२-१३ मिमी खोल असते. दुसरा भाग हात. तो वाटीतून निघून कपाटात जातो. तिसरा भाग प्लेट. ती कपाटाच्या आतल्या बाजूला स्क्रूने बसते आणि हात तिच्यावर अडकतो. हातावरचे आणि प्लेटवरचे स्क्रू फिरवले की दार डावी-उजवीकडे, आत-बाहेर आणि वर-खाली थोडे सरकते. ही सोय दोन-तीन मिलिमीटरची असते, त्याहून जास्तीची नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

बाजारात झिरो, आठ आणि सोळा असे तीन आकडे ऐकू येतात. हा हाताचा बाक आहे. दार कपाटाच्या बाजूच्या फळीला पूर्ण झाकणार असेल तर झिरो. मधल्या एका फळीवर दोन दारे येणार असतील आणि प्रत्येक जण अर्धी फळी झाकणार असेल तर आठ. दार फळीच्या आत बसणार असेल तर सोळा. काही कंपन्यांत आठऐवजी नऊ, सोळाऐवजी पंधरा किंवा अठरा असतात, पण अर्थ तोच. हा बाक दार कुठे बसते ते सांगतो. दार किती जाड असावे आणि किती उघडावे, ते मात्र या आकड्यांत नसते. दुकानात मात्र पुष्कळदा एवढे आकडे विचारूनच डबा पुढे सरकवतात.

आता मुख्य मुद्दा. जाड दार अडते का?

टेबलावर दोन पुस्तके कडेला कडा लावून शेजारी शेजारी आडवी ठेवा. समोर चाळीस पानांची वही असेल तर तिची एक कड टेबलाला तशीच टेकवून ती उभी करताना शेजारच्या वहीला फारसा धक्का लागत नाही. तेच जाडजूड शब्दकोश असतील तर उभा करताना त्याची वरची कड शेजारच्या शब्दकोशाला ढकलते. दाराचेही तसेच होते. दार बंद असताना त्याची पुढची कड शेजारच्या दाराच्या जवळ असते. दार फिरू लागले की ती कड वर्तुळात बाहेर येते आणि शेजारच्या दाराच्या जागेत घुसते.

हिशेबाने पाहू. समजा दार एकाच खिळ्याभोवती फिरते आणि तो खिळा कडेपासून २० मिमी आत, दाराच्या मागच्या पातळीवर आहे. दार १८ मिमी जाड असेल तर पुढचा कोपरा फिरताना कडेच्या बाहेर जवळजवळ ७ मिमी जातो. दार २५ मिमी जाड असेल तर तोच कोपरा १२ मिमी बाहेर जातो. जाडी वाढली फक्त ७ मिमीने, म्हणजे पाव इंचाहून किंचित जास्त, पण शेजारच्या दारावरचे आक्रमण ५ मिमीने वाढले. नववी-दहावीच्या मुलांना पायथागोरसचे प्रमेय येते. त्यांच्याकडून हा हिशेब घरी करून घ्या, त्यांनाही शिकलेले कुठे लागते ते कळेल.

खऱ्या बिजागरीत एकच खिळा नसतो. साध्या बिजागरीत चार सांधे असतात आणि रुंद उघडणाऱ्या बिजागरीत त्याहून जास्त. दार फिरता फिरता हे सांधे त्याला पुढे ओढून घेतात, म्हणून कोपरा शेजारच्या दाराला लागत नाही. पण हे ओढून घेणेसुद्धा ठराविक जाडीपुरतेच आखलेले असते. त्या जाडीपलीकडे गेले की कोपरा पुन्हा घासतो.

म्हणूनच कंपन्या वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या बिजागऱ्या करतात. रोजच्या कपाटाची बिजागरी साधारण ११० अंश उघडते. रुंद उघडणारी १६५ ते १७० अंशांपर्यंत जाते. खास जाड दारासाठी असलेल्या बिजागऱ्या बहुधा ९५ अंशांवरच थांबतात. हा कारखान्याचा कंजूषपणा नाही, जागेचा हिशेब आहे. जाडीला जागा दिली की कोनाची जागा कमी होते. ऑस्ट्रियातली ब्लुम ही कंपनी १९५२ साली घोड्यांच्या नालांचे खिळे बनवण्यापासून सुरू झाली आणि आज जगभर बिजागऱ्या विकते. जर्मनीची हेटिश घ्या किंवा आपल्याकडची एबको घ्या, त्रिकोणाचा नियम सर्वांना एकच.

एका घरातली गोष्ट

आमच्या ओळखीच्या एका घरात हे सारे घडले. मोठा मुलगा कुवेतला. घरी आई, बायको आणि दोन मुले. स्वयंपाकघर नव्याने करायचे ठरले. मेस्त्री उत्तर प्रदेशातून आलेले, कामाला स्वच्छ. ठरले ते १८ मिमी प्लायचे साधे शटर. त्याप्रमाणे बिजागऱ्या आल्या, रुंद उघडणाऱ्या, कारण कपाटाच्या आत ओढायचे ट्रे बसवायचे होते. दार पुरते बाजूला गेले नाही तर ट्रे बाहेर येताना दारावर आपटतो.

मग कुवेतहून फोटो आला. उभ्या रेघांच्या नक्षीची दारे, तिकडे एका मित्राच्या घरी पाहिलेली. मुलगा फोनवर म्हणाला, दार कसे भरीव दिसले पाहिजे, एक इंच तरी जाड. म्हणजे १८ मिमी प्लायवर ६ मिमीची नक्षीची पाटी आली आणि आतल्या बाजूला १ मिमीचा माइका. मिळून २५ मिमी. बिजागऱ्या मात्र पहिल्याच राहिल्या, कारण त्या आधीच विकत घेतलेल्या होत्या आणि महाग होत्या.

दारे बसली. बंद असताना सुरेख दिसली. उघडायला गेले की शेजारच्या दाराची कड खरवडली जाई. मेस्त्रींनी हातावरचा स्क्रू टोकापर्यंत फिरवून फट वाढवली. एप्रिल-मे निघून गेला. जून लागला, रत्नागिरीचा पाऊस सुरू झाला, लाकूड दमट होऊन फुगले आणि जेवढी फट मिळवली होती तेवढी गेली. दार अडले की माणूस जोर लावतो. जोराने आधी स्क्रू ढिले झाले आणि मग दोन दारे बिजागरीसकट प्लायमधून उपटून आली. मुलाने तिकडून सांगितले, मेस्त्रीला पुढचा पैसा देऊ नका.

सूनबाईंनी मला बोलावले ते भांडण सोडवायला नाही, डब्यातला कागद वाचायला. "आपा, इंग्रजीत बारीक अक्षरात काहीतरी तक्ता आहे, जरा बघा ना." मेस्त्रीभाई ओट्यापाशी उभे होते. ते एवढेच म्हणाले, "आपा, मैंने तो पूछा था, पल्ला कितने सूत का रहेगा. किसी ने बताया नहीं."

कागदावर दाराच्या जाडीचा तक्ता होता. डाव्या बाजूला जाडी, वर वाटीचे कडेपासूनचे अंतर आणि मध्ये किती फट ठेवायची ते. तक्त्यात २५ मिमीची ओळच नव्हती. म्हणजे त्या बिजागरीच्या कारखान्याने इतक्या जाड दाराची हमीच घेतलेली नव्हती. प्रश्न मेस्त्रींच्या हाताचा नव्हता. दार बदलले आणि बिजागरी बदलली नाही, एवढेच झाले होते.

भाषा शिकवणारी मी, मला त्या दिवशी आणखी एक गोष्ट ठळक दिसली. त्या घरात मापाच्या तीन भाषा बोलल्या जात होत्या. मुलगा इंचात बोलत होता. मेस्त्री सुतात. कागद मिलिमीटरमध्ये. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे ३ मिमीहून किंचित जास्त. १९ मिमी म्हणजे सहा सूत. एक इंच म्हणजे आठ सूत, म्हणजे २५.४ मिमी. "एक इंच तरी" या तीन शब्दांत दोन सूत जाडी वाढली आणि तिचे भाषांतर कुणीच केले नाही.

मी अम्मींना आणि सूनबाईंना कागद समजावून सांगितला, मग फोनवर मुलाला. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मजुरी पूर्ण द्या. दुरुस्तीची वेगळी ठरवा."

दुरुस्ती कशी झाली

मेस्त्रींनी आधी नमुना केला. त्याच जाडीच्या उरलेल्या पाट्यांचे वीतभर लांबीचे दोन तुकडे घेतले, एक बिजागरी बसवली आणि मधल्या फळीवर उघडून पाहिले. कोपरा कुठे लागतो ते डोळ्यांना दिसले. मग बिजागरीच्या बाजूने नक्षीची पाटी दोन इंच कापून टाकली आणि पुन्हा उघडले. आता त्या कडेला जाडी १९ मिमीच राहिली आणि दार न घासता उघडले.

हाच उपाय ट्रेच्या कपाटांना केला. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंचांचा साधा पट्टा आणि मध्ये नक्षी. दिसायला चौकटीसारखे दिसते आणि मुद्दाम केल्यासारखे वाटते. दार भरीव दिसायला हवे होते, ते दिसते. भरीव दिसणे आणि बिजागरीपाशी भरीव असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे जाड दाराचे पहिले उत्तर.

जिथे ट्रे नव्हते, नुसतीच फडताळे होती, तिथे नक्षी तशीच ठेवली आणि जाड दाराच्या बिजागऱ्या आणल्या. त्या ९५ अंश उघडतात. फडताळातून डबा काढायला तेवढे पुरते. हे दुसरे उत्तर. आणि जिथे जाड दारही हवे नि ट्रेही हवा, तिथे तिसरा मार्ग आहे. ट्रेची रेल कपाटाच्या फळीवर थेट न लावता मध्ये इंच-सव्वा इंचाची पट्टी द्यावी, म्हणजे ट्रे दारापासून लांबून बाहेर येतो. ट्रे थोडा अरुंद होतो, पण आपटत नाही. पट्टी नेमकी किती, ते दार बसवून उघडल्यावर मोजावे.

उपटलेल्या स्क्रूंच्या भोकांत काडेपेटीच्या काड्या कोंबून पुन्हा स्क्रू पिळणे ही आपल्याकडची सर्रास पद्धत. हलक्या दाराला ती काही दिवस चालते. वजनदार दाराला भोक मोठे करून सागाची खुंटी गोंदाने बसवावी, रात्रभर वाळू द्यावी, खुंटी सपाट कापावी आणि बारीक भोक पाडून मगच स्क्रू घ्यावा. मेस्त्रींनी तसेच केले.

कोन किती हवा, हे कोण ठरवणार?

त्याच घरात एक प्रश्न उरला होता. स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात दीड फूट रुंद दाराचे एक उंच कपाट होते. अम्मी वॉकर घेऊन चालतात. कपाटासमोर भिंतीपर्यंत तीन फूट जागा. दार उघडे राहिले की वाट अडे आणि अंधारात त्यांच्या खांद्याला दार लागे. म्हणून त्या दाराला १६५ अंशांची बिजागरी हवीच, असे सूनबाईंचे म्हणणे होते. दार मात्र जुन्या घरातून आणलेल्या फणसाच्या फळीचे, एक इंचाहून जाड. ते कापायचे नव्हते, कारण ते अम्मींच्या सासऱ्यांच्या वेळचे.

हिशेब असा. तीन फूट म्हणजे ९१४ मिमी. दीड फुटाचे दार म्हणजे ४५७ मिमी. दार काटकोनात उघडले की बोळात ४५७ मिमीच उरतात. वॉकर साधारण दोन फूट रुंद. जाणे अशक्य. १६५ अंश उघडले तर दार बोळात फक्त ११८ मिमी येते, पण तेवढे उघडणारी बिजागरी या जाडीला मिळत नव्हती. मग मेस्त्रींनीच सुचवले, "एक पल्ले के दो कर दो." दार मधोमध उभे चिरले. प्रत्येक पान नऊ इंचांचे, म्हणजे जेमतेम २२९ मिमी. ते ९५ अंश उघडले तरी बोळात ६८५ मिमी उरतात. वॉकर जातो. फळी कापायची नव्हती हे खरे, पण अम्मीच म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांनी दार ठेवले ते मला लागावे म्हणून नाही."

वाचकहो, कोन मोठा हवा असे वाटते तेव्हा आपल्याला खरे तर काय हवे असते, ते आधी विचारा. ट्रे निघायला हवा, की वाट मोकळी हवी, की नुसते फोटोसारखे हवे? वाट मोकळी हवी असेल तर दार अरुंद करून, दोन पाने करून किंवा सरकते दार करूनही ती मिळते. आणखी एक. कपाट भिंतीला लागून असेल तर रुंद उघडणारी बिजागरी घेऊ नका. दार भिंतीवर आपटते आणि सगळा जोर बिजागरीवर येतो. घेतलीच असेल तर तिचा कोन अडवणारी छोटी क्लिप काही कंपन्या देतात, ती लावा. आणि दार बाहेरच्या भिंतीला पार टेकवायचेच असेल, जाडीही सोडायची नसेल, तर लांब पानांची, बाहेर दिसणारी पितळी बिजागरी लावायला लाज वाटायचे कारण नाही. तिने आपल्या वाडवडिलांची दारे पेलली.

वजन, पाऊस आणि खारा वारा

जाडीबरोबर वजनही वाढते. सागाचे दार दोन फूट रुंद, सात फूट उंच आणि १८ मिमी जाड असेल तर वजन साधारण १५ किलो. तेच २५ मिमी केले तर २० किलोच्या पुढे. सात फुटांच्या जाड दाराला तीन बिजागऱ्या लावून पैसे वाचवणे म्हणजे पुढचा पावसाळा मोजणे. कंपन्यांचे तक्ते सर्वसाधारणपणे तीन फुटांपर्यंत दोन, पाच फुटांपर्यंत तीन, साडेसहा फुटांपर्यंत चार आणि त्यापुढे पाच असे सांगतात. वजन जास्त असेल तर उंची कमी असूनही एक वाढवावी. सर्वांत वरच्या बिजागरीवर ओढ जास्त येते, म्हणून वर दोन जवळजवळ घेतल्या तर चांगले.

आपल्या किनाऱ्यावर हवेत मीठ आहे. निकेल चढवलेले साधे पोलाद समुद्राजवळच्या घरात दोन-तीन वर्षांत तांबूस पडू लागते. मिरकरवाडा, राजिवडा किंवा खाडीकाठच्या गावांत घर असेल तर स्टेनलेस स्टीलची, ३०४ दर्जाची बिजागरी मागा. थोडी महाग पडते, पण एकदाच पडते. स्क्रूही स्टेनलेसचेच घ्या, नाहीतर बिजागरी टिकेल आणि स्क्रू गंजतील. प्लाय घेताना पाण्याच्या जागेपाशी आयएस ७१० शिक्का पाहा. वाटीसाठी पाडलेल्या भोकात प्लायच्या थरांचे कच्चे लाकूड उघडे पडते. तिथे वॉर्निशचा एक हात मारून मगच वाटी बसवायला सांगा. दोन मिनिटांचे काम, पण पाणी शिरते ते इथूनच.

कामाचा क्रम

सगळे मिळून सांगायचे तर क्रम असा ठेवा. प्रथम दाराची अंतिम जाडी ठरवा, माइका, नक्षी, आतला थर सगळे धरून, आणि ती मिलिमीटरमध्ये कागदावर लिहा. मेस्त्रींना तोच आकडा सुतात सांगा, म्हणजे दोघांचे एकमत झाले का ते कळेल. मग प्रत्येक दारापुढे लिहा: शेजारी काय आहे, भिंत, दुसरे दार की मोकळी जागा, आत काय आहे, ट्रे की फडताळ, दार किती उंच आणि किती वजनदार. हा कागद घेऊन दुकानात जा आणि डबा उघडून त्यातला तक्ता पाहा. आपल्या जाडीची ओळ तक्त्यात आहे का? नसेल तर ती बिजागरी आपली नाही, मग ती कितीही नावाजलेली असो. एकच बिजागरी घेऊन या, नमुना करा, उघडून पाहा. पटले तर बाकीच्या आणा, दोन जास्तीच्या आणा आणि कागद फेकू नका.

आणि बिजागरी आल्यावर दार बदलायचे झाले, परदेशातून कितीही सुंदर फोटो आला, तरी आधी विचारा: जाडी बदलते का? बदलत असेल तर बिजागरीचा खर्चही त्याच फोटोबरोबर मान्य करा. आखातात उन्हात राबून पाठवलेला एकेक दिनार घरच्यांनी जपून वापरावा असे मुलाला वाटते, त्यात गैर नाही. पण जपणूक मेस्त्रीच्या मजुरीतून होत नाही. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही हुजूर (सल्ल.) यांची शिकवण आपण मुलांना पाठ करून देतो. काम खरेच बिघडले असेल तर बोलावे, दोन जाणत्यांना दाखवावे, दुरुस्ती मागावी. पण दोष कुणाचा हे न तपासता हक अडवून ठेवणे, ही आपल्या घरात शिरलेली दुसऱ्याची अमानत आहे.

हजरत जकरिया (अलैहिस्सलाम) सुतारकाम करून पोट भरत, हे आपण जाणतो. हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) यांना लोखंडाची कला मिळाली आणि सूरह सबामध्ये त्यांना चिलखताच्या कड्यांचे माप नीट राखण्याची ताकीदही आहे. नबी असूनही माप! कडी लहान-मोठी झाली की चिलखत अंगावर बसत नाही, आणि ते पाहणाऱ्याला आधी कळतही नाही. कपाटातली लपलेली बिजागरी तशीच आहे. दार बंद असताना पाहुण्याला ती दिसत नाही. पण तिचे माप आधी ठरलेले असले की दार घासत नाही, म्हाताऱ्या माणसाची वाट अडत नाही आणि काम करून गेलेला माणूस मनात बद्दुआ घेऊन जात नाही.

तुमच्या घरी फर्निचरचे काम चालू असेल तर अल्लाह त्यात बरकत देवो. आज संध्याकाळी मेस्त्री जाण्याआधी त्यांना चहा द्या आणि एकच प्रश्न विचारा, "भाई, पल्ला कितने सूत का हो रहा है?"